आईच्या हातचा पदार्थ लिहून घ्यायचाय? मग तराजू घ्या आणि 'किती' विचारणं बंद करा

आईला विचारून रेसिपी लिहून घेतली, मोबाईलवर व्हिडिओपण काढला, आणि आपल्या घरी जाऊन केलं तर ते तसं होतच नाही. ही तक्रार इंदूरच्या मराठी घरांतून कायम ऐकू येते, रामबाग असो, लोकमान्यनगर असो की राजेंद्रनगर, जिथली पोरं पुण्याला-बंगलोरला गेलीत तिथे तर हमखास. मग दोनपैकी एक निष्कर्ष काढला जातो, एकतर 'आईने काहीतरी सांगितलंच नाही', नाहीतर 'तिच्या हातालाच चव आहे, आपल्याला नाही जमायचं'. दोन्ही चूक आहेत. लिहून घेणाऱ्याने 'किती' लिहिलेलं असतं आणि 'कधी थांबायचं' लिहिलेलंच नसतं, भानगड एवढीच आहे.

मी सत्तरी ओलांडलीये, म्हणजे एकेकाळी वही घेऊन सासूबाईंच्या मागे उभी राहणारी होते आणि आता माझ्यामागे पोरी मोबाईल घेऊन उभ्या राहतात. त्यामुळे कुठे घोळ होतो ते दोन्ही बाजूंनी दिसतं. खाली उदाहरण म्हणून भुट्ट्याचा कीस (मक्याची कोवळी कणसं किसून, तुपात परतून दुधात शिजवतात तो) घेतलाय, कारण तो आपल्याकडे मालव्यात पावसाळाभर घरोघरी होतो आणि त्यात सगळं कामच अंदाजाचं आहे. पद्धत मात्र पुरणपोळीला, भाजणीला, लोणच्याला तीच लावायची.

१. पदार्थ एकच धरा, आणि हंगामातला

'आईच्या सगळ्या रेसिपी लिहून काढू' म्हणून सुट्टीत बसलात की काहीच होणार नाही. चार दिवसांत वीस पदार्थांची नुसती नावं लिहून होतात. एका खेपेला एकच पदार्थ घ्या.

आणि तो त्या दिवसांत होणारा असावा. कीस जुलै ते सप्टेंबर, जेव्हा ठेल्यांवर देशी भुट्टे येतात. गराडू (तळून खातात तो कंद) थंडीत. कैरीचं लोणचं मे-जूनमध्ये. डिसेंबरात आईला कीस करायला लावलात तर स्वीट कॉर्न आणावा लागेल, त्यात पाणी जास्त आणि गोडी जास्त, मग ती दूध कमी घालेल, साखर घालणारच नाही, तुम्ही तेच लिहून घ्याल आणि पुढच्या श्रावणात देशी भुट्ट्याला तेच प्रमाण लावाल. कोरडा ठाक होणार.

कोणता पदार्थ आधी घ्यायचा? जो फक्त तिलाच येतो तो. पोहे, वरण, बटाट्याची भाजी कोणीही शिकवेल. आणि ज्याला ताकद लागते तेही आधी घ्या, पुरण वाटणं, चकलीचा सोऱ्या दाबणं, बाफल्यांची (कणकेचे गोळे उकडून मग भाजतात त्यांची) घट्ट कणीक मळणं. पाच वर्षांनी ती सांगू शकेल, पण करून दाखवू शकेलच असं नाही.

२. सामान जमवा (यात टाळाटाळ करतात आणि तिथेच फसतात)

लागतं ते असं:

- डिजिटल तराजू, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलोपर्यंत चालणारा. ऑनलाइन सहज मिळतो, महाग नसतो.
- मिलीलिटरच्या खुणा असलेलं एक माप. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं छोटं टोपणसुद्धा ठेवा, तेला-तुपाला उपयोगी पडतं.
- वही आणि पेन्सिल. स्वयंपाकघरात जेल पेन नको, ओला हात लागला की शाई पसरते.
- मोबाईल, चार्ज केलेला, आणि त्यात जागा आहे ना ते बघितलेलं.
- भांडी मात्र तिचीच. ही अट आहे असं समजा.

भांडी तिचीच का, तर कढई बदलली की आच बदलते. जाड लोखंडी कढईत कीस सावकाश परततो, पातळ स्टीलच्यात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. तुमच्या घरी इंडक्शन असेल तर तिच्या ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या भांड्यावर तो चालणारच नाही, म्हणजे तुम्हाला भांडं बदलावंच लागणार आहे. तेव्हा तिची कढई कशाची, किती जाड, केवढ्या तोंडाची ते लिहून ठेवा आणि एक फोटो काढा.

आता वाटी. तिची 'एक वाटी' म्हणजे नेमकी कोणती ते आधी दाखवायला सांगा. घरात चार तऱ्हेच्या वाट्या असतात, आमटीची वेगळी, श्रीखंडाची वेगळी, आणि माप म्हणून ती वापरते ती बहुतेक पिठाच्या डब्यात पडलेली तिसरीच असते. त्या वाटीत काठापर्यंत पाणी भरा, तराजूवर ठेवा, वाटीचं वजन वजा करा. पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिलीलिटर. दुकानात मिळणारा मेजरिंग कप २४० किंवा २५० मिलीचा असतो, आपल्या वाट्या बहुतेक त्याहून पुष्कळ लहान. 'एक वाटी म्हणजे एक कप' असं धरून कितीतरी चकल्या तेलात विरघळल्या आहेत.

*तपासा:* वाटी, तिचा चहाचा चमचा, पळी, या तिन्हींत किती पाणी मावतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

जुनी वही असेल तर

आजीची किंवा पणजीची वही निघाली तर त्यात पावशेर, अच्छेर, छटाक, तोळा असं सापडेल. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. मग पावशेर साधारण २३३ ग्रॅम, अच्छेर ४६६, आणि छटाक ५८ ग्रॅमच्या आसपास. तोळा ११.६६ ग्रॅमचा, सोनाराकडचा आजचा १० ग्रॅमचा तोळा इथे लावू नका. आपण आज भाजीवाल्याला 'पाव' म्हणतो तो २५० ग्रॅमचा. सगळंच पावशेरात लिहिलेलं असेल तर फरक पडत नाही, प्रमाण तेच राहतं, पण पीठ पावशेर आणि सोडा चमच्याने असं मिश्र असेल तिथे सांभाळून.

किलो-ग्रॅम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले, त्यामुळे साठच्या दशकातल्या वह्यांमध्ये दोन्ही सरमिसळ दिसतं. धान्याची मापं असतील तर दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. पण हा मापाचा शेर, वजनाचा नाही. आणि संस्थानांच्या काळात शेर गावागणिक वेगळा असायचा, तेव्हा वहीतला आकडा एकदा थोडक्यात करून बघितल्याशिवाय पक्का धरू नका.

जुनी वही लॅमिनेट करायला देऊ नका, जुना कागद गरम मशीनमधून घातला की खराब होतो आणि परत सोडवता येत नाही. प्रत्येक पानाचा उजेडात, सावली न पाडता फोटो काढा आणि वही कोरड्या जागी ठेवून द्या.

३. वेळ तिची, तुमची नाही

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर 'चल आई, दाखव' म्हणायचं नाही. सकाळी, औषधं-नाश्ता झाल्यावर, ती ताजी असते तेव्हा. एका वेळी दीड-दोन तास पुरे. त्यापुढे ती नुसती 'हो हो तसंच' म्हणायला लागते आणि तुम्ही ते लिहून घेता.

ओट्याशी उंच स्टूल ठेवा. गुडघे दुखत असतील तर किसणं, निवडणं, वाटणं खाली टेबलावर, आणि गॅसपाशी फक्त परतायला. कमी ऐकू येत असेल तर मशीन लावलंय ना ते बघा, एक्झॉस्ट पंखा बंद ठेवा, आणि तिच्या पाठीमागून नाही तर बाजूला उभं राहून बोला.

*सांभाळा:* शुगर असेल तर गोडाची चव तिला परतपरत घ्यायला लावू नका. आणि पदर किंवा ओढणी खोचलेली असू दे, व्हिडिओत छान दिसावं म्हणून सोडायला सांगणारे लोक मी बघितलेत.

४. पहिल्या दिवशी तोंड बंद, डबे तोला

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच सगळे गाळतात.

सगळे काय करतात, ती मुठीने मीठ घ्यायला गेली की 'थांब थांब, आधी चमच्यात घे' म्हणतात. ती थांबते, चमचा शोधते, घालते, आणि तो आकडा चुकीचा असतो कारण तिचा हात चमच्याला सरावलेलाच नाही. अडवलं की ती अंदाजाने करत नाही, तुम्हाला खूश करायला करते.

तर असं करा. ती सुरू करायच्या आधी मिठाचा डबा, साखरेचा डबा, तुपाचं भांडं, दुधाचं पातेलं, जे जे लागणार ते सगळं झाकणाशिवाय एकेक करून तोला, आणि वजन चिठ्ठीवर लिहून त्या-त्या डब्याला चिकटवा. मग तिला तिच्या पद्धतीने करू द्या. काही विचारू नका. झाल्यावर सगळे डबे परत तोला. दोन वजनांतला फरक म्हणजे तिने घातलेलं प्रमाण, ग्रॅमात, तिला न अडवता. तुपाचा चमचा भांड्यातच ठेवायची सवय असेल तर दोन्ही वेळा चमच्यासकट तोला.

किसाचं बघा. भुट्टे सोलून आधी तोला, किसून झाल्यावर कीस तोला. भुट्टे कोवळे की निबर ते लिहा, दाण्याला नख लावलं की दुधासारखा रस येतो तो बरोबर, नखच रुतत नसेल तर निबर. किसणीची कोणती बाजू वापरली, बुडापर्यंत किसते की अर्धवट सोडते, तेही लिहा, कारण बुडाशी गेलं की कणसाचा चोथा येतो आणि कीस घशात अडकतो.

हिंग-हळदीचा फरक तराजूवर दिसणार नाही, फार थोडं असतं. त्यासाठी नंतर वेगळं करा, एका वाटीत तिला तिच्या चिमटीने दहा वेळा हिंग घालायला सांगा, ते तोला आणि दहाने भागा. चिमूट तिचीच हवी, दोन बोटांची की तीन बोटांची यात बराच फरक पडतो. मुठीचंही तेच, तुमची मूठ नको.

व्हिडिओ काढायचाच असेल तर मोबाईल कढईच्या बाजूला थोडा उंच, कशाला तरी टेकवून ठेवा आणि विसरून जा. हातात धरून चेहरा दाखवत फिरू नका. चेहरा पुष्कळ फोटोंत आहे, आपल्याला कढई आणि हात दिसायला हवेत. वरून सरळ धरलात तर वाफेने काच धुरकट होते. आणि आवाज नीट येऊ द्या, फोडणीचा तडतडाट कधी थांबला हे कित्येकदा नुसतं ऐकून कळतं.

*तपासा:* सगळे डबे आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तोलले? एक जरी राहिला तरी तो आकडा अंदाजाने भरू नका, तिथे जागा कोरी ठेवा आणि पुढच्या वेळी भरा.

५. मग प्रश्न, पण वेगळे

जेवून, पडून, चहाच्या वेळी. आता हे बघा:

'आई, दूध किती घालायचं?'
'लागेल तेवढं.'

झालं, इथे गाडी अडली. हाच प्रश्न असा विचारा:

'आई, आता दूध घालायची वेळ झाली हे तुला कशावरून कळलं?'
'अगं, कच्चा वास गेला ना. आणि कीस कढईला चिकटायचा थांबला, कडेनं तूप दिसायला लागलं.'

बघा, एका उत्तरात तीन खुणा आल्या. वास, चिकटणं, तूप. आकडा तराजूने दिला, खुणा तिने दिल्या, दोन्ही मिळून पदार्थ होतो. हे प्रश्न मी तरी कायम विचारते:

- हे झालं, हे कशावरून कळतं? (प्रत्येक टप्प्याला विचारा, भाजण्याला, शिजण्याला, मळण्याला.)
- अजून थोडं ठेवलं तर काय होईल?
- बिघडलं तर काय करतेस? पातळ झालं, खारट झालं, खाली लागलं?
- दुप्पट करायचं असेल तर काय दुप्पट करत नाहीस? (मीठ, मिरची, हिंग, तूप, यांची उत्तरं वेगवेगळी येतात. हा प्रश्न कोणी विचारतच नाही.)
- आधी कशावर करायचीस? चुलीवर, कोळशाच्या शेगडीवर, स्टोव्हवर?
- तेव्हा आणि आता काय बदललं?

शेवटच्या दोन प्रश्नांतून फार माल निघतो. शेगडीवर पुरण तासभर निखाऱ्यांवर राहायचं, गॅसवर तेच वीस मिनिटांत ढवळत आटवतात, चवीत फरक पडतोच. आणि याच प्रश्नांना आठवणी येतात, कोणाच्या घरी लग्नात कढया चढल्या होत्या, कोणत्या काकूंनी गुळाऐवजी साखर घातली म्हणून बोलणी खाल्ली. त्या येऊ द्या, अडवू नका, पण वहीत उजव्या पानावर लिहा, कृती डाव्या पानावर. एकात एक मिसळलं की चार वर्षांनी दूध कधी घालायचं ते शोधताना अख्खं लग्न वाचावं लागतं.

आठवणी विचारायच्या म्हणून समोर सोफ्यावर बसून 'सांग ना आई जुन्या गोष्टी' म्हणायचं नाही. तिला सुचणारच नाही. हात कामात असले की आपोआप आठवतं, लसूण सोलायला द्या, कोथिंबीर निवडायला द्या.

आई विसरायला लागली असेल तर

तोंडी सांगताना क्रम चुकेल, एकच गोष्ट दोनदा येईल, कधी मीठ घातलं ते आठवणार नाही. दुरुस्त करू नका आणि परीक्षा घेतल्यासारखं 'आठव, आठव' तर बिलकुल करू नका. सामान समोर ठेवा, किसणी हातात द्या. सुरुवातीच्या काळात पुष्कळांच्या हातांना सवयीचं काम येत असतं, शब्दांत सांगता येत नसलं तरी. अशा वेळी तुमचं काम फक्त बघायचं आणि डबे तोलायचं. गॅस लावणं-बंद करणं मात्र तुमच्याकडे ठेवा, आणि तिला एकटीला कढईपाशी सोडून फोन घ्यायला जाऊ नका.

मिठाबद्दल वेगळं

वय झालं की जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही कमी होतात, हे माझंही झालंय. त्यामुळे आई आज घालते ते मीठ तिच्या पन्नाशीतल्या मिठापेक्षा जास्त असू शकतं, किंवा बीपीमुळे डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून मुद्दाम कमी. आज तोलून आलेला आकडा लिहा, पण त्यापुढे घरातल्या दुसऱ्या कोणाला चाखायला देऊन 'पूर्वीसारखं?' असं विचारून तेही लिहा. वडील असतील तर त्यांना विचारा, इतकी वर्षं तेच खाल्लंय त्यांनी, जीभ त्यांचीही थकली असली तरी तक्रार कुठली करायची ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

खडा मीठ की बारीक, तेही लिहा, चमच्याने मोजलं तर दोन्हींचं वजन वेगळं येतं.

६. त्याच रात्री लिहून काढा

दुसऱ्या दिवशी नाही. त्याच रात्री. मी कीस असा लिहीन, आमच्या घरचा:

*कीस ४०० ग्रॅम (कोवळे देशी भुट्टे, मध्यम किसणी, बुडाचा चोथा सोडून). तूप ३० ग्रॅम. मोहरी आणि जिरं अर्धा-अर्धा चहाचा चमचा, हिंग दोन चिमट्या, हळद एक चिमूट, हिरव्या मिरच्या तीन बारीक चिरून. दूध ३०० मिली, फुल क्रीम, कोमट. मीठ ६ ग्रॅम. साखर ५ ग्रॅम. वरून अर्धं लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं.*

*जाड कढईत तूप, मोहरी तडतडून शांत झाली की जिरं, हिंग, मिरची, हळद. कीस घालून मंद आचेवर परतायचं. खूण: कच्चा वास जातो, रंग गडद होतो, कडेला तूप दिसतं (साधारण १० ते १२ मिनिटं). मग दूध आणि साखर, झाकण ठेवून मंद. मधूनमधून तळापासून हलवायचं. खूण: दूध दिसेनासं होतं, उलथन्याने ओढलं की वाट तयार होते आणि हळूहळू बुजते. मीठ आता. गॅस बंद, पाच मिनिटं झाकून, मग लिंबू.*

मिनिटं कंसात आहेत आणि खुणा बाहेर, हे मुद्दाम. उलटं लिहिलंत की लोक घड्याळ बघतात, कढई बघत नाहीत.

क्रमात दोन चुका हमखास होतात. एक, लिंबू कढई गॅसवर असतानाच पिळतात, दूध पुरतं मुरलेलं नसतं आणि ते फाटून दाणेदार होतं. दोन, परतायचं अर्धवट सोडून दूध घालतात, आणि मग कितीही शिजवलं तरी कच्चट वास जात नाही. दुसरी चूक नंतर सुधारत नाही, पहिली निदान खाता तरी येते.

दुधाच्या पुढे 'फुल क्रीम' असं का लिहिलं, तर पाकिटातल्या टोन्ड दुधात फॅट ३ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के. टोन्ड घालून कीस होतो, पण सैलसर, आणि तूप वाढवावं लागतं. आई दूधवाल्याचं म्हशीचं दूध वापरत असेल तर तसं लिहा. असंच गव्हाचं, गिरणीवरून दळून आणलेलं पीठ आणि पाकिटातलं पीठ पाणी सारखं ओढत नाहीत, तेव्हा पोळ्या-बाफल्यांच्या कृतीत नुसतं 'कणीक' लिहू नका.

७. आता तुम्ही करा, ती खुर्चीत बसेल

दोन-तीन दिवसांनी, तिच्याच स्वयंपाकघरात, तुमच्या वहीवरून. तिला सांगा, मी चुकले तर बोल, एरवी बोलू नको. तिला गप्प बसणं जमणार नाही, आणि आपल्याला तेच हवंय. 'अगं मोठा केलास गॅस', 'एवढ्यात नको', 'खालून घे, खालून', असं जे जे ती ओरडेल ते सगळं तुमच्या वहीत नव्हतं म्हणून ती ओरडली. प्रत्येक वाक्य लिहा. इथे राग धरायचा नाही, सुनांनी तर मुळीच नाही. 'आई, तुम्ही आत्ता थांब का म्हणालात?' एवढंच विचारायचं.

*तपासा:* तिने चाखून 'बरं झालंय' म्हटलं तर समाधान मानू नका, ते पोरीचं मन राखणं असतं. दुसऱ्यांदा मागून घेतलं तर बरोबर.

८. तिसऱ्या माणसाकडे पाठवा

ज्याने आईला करताना बघितलेलं नाही असा कोणीतरी, पुण्याची भाची, बडोद्याची नणंद, आणि शक्यतो गॅस-भांडं वेगळं असलेली. तिला फक्त वहीच्या पानाचा फोटो पाठवा, फोनवर काही समजावू नका. ती जिथे अडेल तिथे तुमचं लिखाण कच्चं आहे.

गावाप्रमाणे काय बदलतं तेही इथे कळतं. डाळीचे पदार्थ असतील तर पाणी बघा, बोरिंगचं जड पाणी असलं की हरभऱ्याची डाळ लवकर शिजत नाही, इथे नर्मदेच्या पाण्यात तीन शिट्यांत होणारं पुरण तिकडे पाच शिट्यांनी पण कचकचीत राहतं. तिथे 'तीन शिट्या' लिहून काही उपयोग नाही, 'डाळ बोटांत दाबली की कणी न राहता चुरली पाहिजे' असं हवं. शिट्यांचं तसंही काही खरं नसतं, कुकर, आच, आत किती भरलंय, सगळ्यावर बदलतात.

देशी भुट्टा मिळतच नसेल अशा गावासाठी खाली एक ओळ जोडा: स्वीट कॉर्न असेल तर दूध निम्म्याने सुरू करा, साखर नको, परतायला जास्त वेळ द्या.

९. ठेवायचं कुठे

पक्की प्रत कागदावर, बॉलपेनने, एका पदार्थाला एक जोडपान. वर पदार्थाचं नाव, कोणाच्या हातचा, कोणत्या महिन्यात-वर्षी लिहिला, कोणत्या गावात. 'आजीचा कीस' एवढंच लिहिलंत तर तुमच्या नातवंडांना कोणती आजी ते कळणार नाही. पानाचा फोटो घरातल्या निदान तिघांकडे असू दे, नुसता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका, फोन बदलला की जातो. व्हिडिओ काढला असेल तर फाइलला पदार्थाचं नाव द्या, नाहीतर तो हजार व्हिडिओंत कोणी शोधत नाही. पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवली तर वर्षा-दोन वर्षांनी उघडून बघा चालतोय का.

वहीत पुढे दोन पानं कोरी सोडा. पुढच्या पावसाळ्यात परत कराल तेव्हा काहीतरी बदल करावासा वाटेलच, तो मूळ कृतीवर खाडाखोड करून नाही, तिथे लिहायचा, आपलं नाव घालून.

आणि सगळं झाल्यावर डब्यांवरच्या वजनाच्या चिठ्ठ्या आठवणीने काढा. चिकटपट्टीचा डाग राहिला तर थोडं खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी पुसा, निघतो. तो तसाच ठेवून गेलात तर पुढच्या पदार्थाला आई डब्यांना हात लावू देणार नाही.